प्रतिकृतीखालचा पाट

शाळा-महाविद्यालयाच्या आवाराचा पुनर्विकास ठरला की टेबलावर एक प्रतिकृती येते आणि सगळ्यांची नजर नव्या इमारतींवर जाते. स्थापत्याचे रीतसर शिक्षण न घेता, जुने नकाशे आणि छायाचित्रे पाहत मी या विषयाकडे आलो. त्यामुळे असेल, मी आधी खालचा पाट पाहतो. सर्वांत मोठा निर्णय तिथे झालेला असतो.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. १:५०० ला सगळे आवार आणि शेजार मावतो, पण माणूस जेमतेम ३ मिलिमीटरचा उरतो. १:२०० ला तो ८ मिलिमीटरचा होतो. जिने, व्हरांडे दिसू लागतात, मात्र शेजार पाटाबाहेर जातो. मग जमीन. उताराच्या प्रत्येक पातळीसाठी पुठ्ठ्याचा एकेक थर कापून चिकटवतात. १:२०० ला ५ मिलिमीटरचा थर म्हणजे एक मीटर चढ. त्यावर इमारतींचे लाकडी ठोकळे ठेवतात. ते चिकटवत नाहीत, कारण सरकवून पाहायचे असतात. सनबोर्ड, अ‍ॅक्रिलिक, लेझर कटिंग हे नंतरचे.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही शिकागोत दिसतात. मीस व्हान डेर रोह १९३८ मध्ये तिथल्या आर्मर इन्स्टिट्यूटमध्ये स्थापत्य विभागाचे प्रमुख झाले. १९४० मध्ये लुईस इन्स्टिट्यूटशी विलीनीकरण होऊन इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी झाली. तिचे नवे आवार मीस यांनी २४ फुटी चौकटींच्या जाळीवर लाकडी ठोकळे मांडून रचले. प्रतिकृतीचे छायाचित्र शहराच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रात बसवलेले एक चित्र प्रसिद्ध आहे: भोवती दाट वस्ती, मध्ये शांत, मोकळ्या जागेतले ठोकळे.

पण ती जागा मोकळी नव्हती. तिथे १८९२ ची ‘मेक्का’ ही निवासी इमारत होती. तिच्यात काचेच्या छपराखालचे दोन चौक होते आणि पुढे प्रामुख्याने कृष्णवर्णीय कुटुंबे राहत होती. रहिवाशांनी पाडकाम अनेक वर्षे रोखून धरले. १९५२ मध्ये इमारत पाडली गेली. तिच्या जागी १९५६ मध्ये क्राउन हॉल पूर्ण झाला. तो विसाव्या शतकातल्या उत्कृष्ट वास्तूंपैकी एक मानला जातो आणि त्यातच स्थापत्यशाळा भरते. ‘मेक्का’ उरली ती ग्वेंडोलिन ब्रूक्स यांच्या १९६८ च्या कवितासंग्रहात.

ठोकळ्यांनी ‘मेक्का’ पाडली असे मी म्हणत नाही. जमीन आणि सत्ता आधीच संस्थेच्या हाती होती. पण कोऱ्या पाटावर काही पाडावे लागणार आहे हे दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर बैठकीत चर्चा होत नाही. म्हणून माझे सांगणे साधे आहे. पाडायच्या इमारती, तोडायची झाडे, शेजारची घरे वेगळ्या रंगाच्या लाकडात करून पाटावर सुटी ठेवावीत. नवा ठोकळा मांडण्याआधी विश्वस्तांना जुना स्वतःच्या हाताने उचलावा लागेल. तेवढ्या वेळात निदान एक प्रश्न तरी विचारला जाईल.