अंगाला काय सोसत नाही?

पावसाळ्यात उज्जयिनीच्या मोकळ्या जागांवर बारीक पांढऱ्या फुलांचे एक झुडूप माजते. इकडे त्याला 'गाजरघास' म्हणतात, महाराष्ट्रात 'काँग्रेस गवत'. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले.

शाळेच्या आवारातील हे गवत आम्ही मुलांसमवेत दरवर्षी उघड्या हातांनी उपटीत असू. काही वर्षांनी आमच्या पापण्या, मान व हात खाजून चिघळू लागले. घरात प्रथम वांगे वर्ज्य झाले, मग दही, मग शेंगदाणे. पुरळ मात्र हटेना. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी विचारले, "हे वर्षातून केव्हा वाढते?" या प्रश्नानेच वाट दाखविली. पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून ठेवल्या. त्या काढल्यावर, आणि पुन्हा दोन दिवसांनी, त्वचा पाहिली. गाजरघासेच्या जागी पुरळ उमटले होते. वांगे निर्दोष सुटले!

शिंका, दमा किंवा एखादा पदार्थ खाताच उठणाऱ्या गांधी यांसाठी चाचणी निराळी. त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो. तत्पूर्वी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात, मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दम्याचे औषध तर परस्पर कधीच बंद करू नये. गोळ्या थांबविणे शक्य नसेल, तर रक्तातील 'आयजीई' तपासता येते.

त्रास वारंवार होत असेल, साध्या उपचारांनी आटोक्यात येत नसेल आणि कशाने होतो याचा काही माग लागत असेल, तर चाचणी अवश्य करावी. केवळ कुतूहलाने शंभर पदार्थांची तपासणी करू नये. चाचणीत एखादा पदार्थ उमटला, म्हणजे तो बाधतोच असे नव्हे. अशा यादीवरून वाढत्या मुलाचे दूध, अंडी बंद करणे हा त्याच्यावर अन्याय होय. अन्नाच्या 'आयजीजी' चाचणीवरून तर ॲलर्जीचे निदान होतच नाही.

ओठ सुजले, श्वास कोंडला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. चाचणीचा विचार नंतर.

आता आमच्या शाळेत हे गवत फुलण्यापूर्वीच निघते, हातमोजे घालून व तोंडावर फडके बांधून. मुलांच्या उघड्या हातांचा विचार आम्हांस आधीच सुचावयास हवा होता.