एकट्याने हवा काढण्याची कला

मोटारसायकलच्या ब्रेकमधील हवा काढणे हे परंपरेने दोन माणसांचे काम आहे. एकाने मुठीपाशी उभे राहून लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने चाकापाशी उकिडवे बसून कॅलिपरवरचे निपल किंचित सैल करायचे, पारदर्शक नळीतून ब्रेक ऑईल आणि त्यासोबतचे बुडबुडे बाटलीत उतरू द्यायचे आणि पहिल्याचा हात सैल होण्यापूर्वी निपल पुन्हा आवळायचे, असा त्याचा क्रम; आणि ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ या तीन हुकुमांच्या तामिलीत निमिषाची कसूर झाली, तर कष्टाने घालवलेली हवा त्याच वाटेने परत येते. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारालगतच्या एका गॅरेजात मी हे काम पाहायला बसलो तेव्हा मिस्त्रींचा हाताखालचा मुलगा गावी गेला होता, आणि समोर उभ्या असलेल्या जुन्या, ए.बी.एस. नसलेल्या हायाबुसाच्या मालकाने मात्र त्या दुसऱ्या माणसाची उणीव भरून काढणाऱ्या नव्या झडपा स्वतःच आणून दिल्या होत्या.

या झडपा दिसायला जुन्या निपलासारख्याच. परंतु आतल्या पोकळीत एक सूक्ष्म गोळी आणि तिच्यामागे एक नाजूक स्प्रिंग असते. लिव्हर दाबली की तेलाच्या जोराने गोळी मागे हटते आणि वाट मोकळी होते. लिव्हर सुटली की स्प्रिंग गोळीला जागेवर आणून बसवते आणि परतीच्या प्रवाहाला मज्जाव होतो. खरी मेख मात्र या गोळीत नसून आट्यांवर लावलेल्या सुक्या लेपात आहे, असे माझे मत झाले. निपल सैल असताना हवेला आत यायला दुसराही एक चोरदरवाजा असतो, तो म्हणजे सैल आट्यांमधली फट. ती लेपाने बुजवली नसती, तर गोळीने कितीही इमाने पहारा केला तरी व्यर्थ होता. काम आटोपून झडप पूर्ण आवळली की तिचे शंकूसारखे टोक कॅलिपरमधल्या बैठकीवर घट्ट बसते, आणि त्यानंतर रस्त्यावर गाडी थांबवण्याची जबाबदारी ना गोळीवर राहते ना लेपावर.

हवेचा एवढा बाऊ का, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे पास्कालने सतराव्या शतकात सांगितले. पण वायू दाबाने आकसतो, आणि मग हाताचा जोर चकतीवर पोहोचण्याऐवजी बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. शिवाय ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ब्रेक ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असला पाहिजे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लांबलचक घाट उतरताना तापलेल्या कॅलिपरात वाफेचे बुडबुडे धरण्याचा धोका त्या मानाने वाढतो.

मिस्त्रींनी प्रथम टाकीवर ओले फडके पसरले, कारण हे द्रव रंग खाते. मग नव्या झडपेची लांबी आणि आटे जुन्या निपलाशी ताडून पाहिले. जपानी गाड्यांत हे आटे बहुधा ८ मि.मी. व्यासाचे आणि १.२५ मि.मी. अंतराचे असतात, तर ब्रेम्बोच्या कॅलिपरात बहुधा १० आणि १ असे. आटे जुळूनही लांबी आखूड पडली तर टोक बैठकीला टेकतच नाही. जुने निपल काढण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा, कारण ते आतून पोकळ असल्याने गंजून बसलेले असले तर पाना फिरण्याऐवजी तेच मोडते. मिस्त्रींनी सहा कोनांचा रिंग पाना त्यावर चढवून त्याला हलक्या हाताने हातोडीचे चार ठोके दिले, आणि मगच जोर लावला. निपल निघताच तेल ठिबकू लागले. तेवढ्यात नवी झडप बोटांनी लावायची. लेपामुळे ती पहिल्या आट्यापासूनच अडखळत जाते, म्हणून ती तिरकी शिरते आहे की सरळ, याचा अंदाज बोटांना नेहमीसारखा येत नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती रास्त वाटली.

पुढचे काम झपाट्याने झाले. झडप अर्धा फेरा सैल, तिच्या टोकाला नळी, आणि मग एकटे मिस्त्री सावकाश लिव्हर दाबत, सोडत, डब्यातली पातळी खालच्या खुणेपर्यंत जाण्याआधी नवे ऑईल ओतत राहिले. पुढचे दोन्ही कॅलिपर, मागचा ब्रेक, सारे विनातक्रार पार पडले. शेवटी झडपा आवळल्या त्याही जपून. कारखान्याचे फर्मान अवघ्या ७.५ न्यूटन-मीटरचे आहे.

क्लचने मात्र छळले. या गाडीत क्लचही ब्रेकसारखाच ऑईलच्या दाबावर चालतो, आणि त्याला उचलणारा सिलिंडर पुढच्या चेन-स्प्रॉकेटच्या शेजारी, चेनची घाण आणि इंजिनची धग सोसत बसलेला असतो. त्यातून निघालेले ऑईल काढ्यासारखे काळे होते. क्लचची लिव्हर एकदा दाबल्याने सरकणारे ऑईल थोडे, नळी लांब, आणि बुडबुड्याची ओढ नेहमी वर. तेव्हा दाबल्यावर जेवढा खाली ढकलावा तेवढा तो सोडल्यावर पुन्हा वर चढतो. गोळी बाहेरच्या हवेला अडवते, आत दडलेल्या हवेला हुसकावत नाही. शिवाय ब्रेकमध्ये हवा असली की लिव्हर लिबलिबीत लागते, पण इथे ती तशी चटकन जाणवत नाही; क्लच पुरता सुटत नाही आणि न्यूट्रल सापडेनासा होतो, त्यावरून तिचा सुगावा लागतो.

मिस्त्रींनी मग झडप आवळून टाकली, वरच्या डब्याचे झाकण काढले आणि लिव्हर जेमतेम दोन-चार मिलिमीटर, टिचकी मारल्यागत, कितीतरी वेळ हलवत राहिले. कारण मास्टर सिलिंडरमधले सूक्ष्म छिद्र लिव्हरच्या चालीच्या अगदी आरंभीच तेवढे उघडे असते. नळीच्या वरच्या जोडापाशी अडकलेले बुडबुडे त्या छिद्रातून एकेक करून डब्यात वर आले. इंजिन चालू करून त्यांनी पहिला गिअर टाकला, पुन्हा न्यूट्रल केला; दिवा लगेच लागला.

“ब्रेकला या झडपा राहू द्या साहेब,” ते मालकाला म्हणाले, “क्लचच्या पैशांत मात्र दोन बाटल्या ऑईल आलं असतं.”