बाकाखालून बाहेर आल्यावर पुढे काय?

११ मार्च २०११, दुपारचे पावणेतीन. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरचं कामाइशी शहर ९.० क्षमतेच्या भूकंपानं हादरलं. उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं धक्के ओसरताच उंच जागेकडे धावत सुटली. शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलं तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठी मुलं पळताना दिसताच तीही खाली उतरून निघाली. थोरल्यांनी धाकट्यांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर मागचा कडा ढासळलेला दिसला, तेव्हा सगळी आणखी वर चढली. त्सुनामीनं दोन्ही शाळा गिळल्या. मुलं मात्र वाचली.

त्सुनामीच्या धोक्याच्या नकाशात या शाळा पुराच्या पट्ट्याबाहेर होत्या. पण आपत्तितज्ज्ञ तोशिताका कातादा यांनी मुलांना वर्षानुवर्षं बजावलं होतं: नकाशावर विसंबू नका, जमेल तितकं करा आणि सर्वांत आधी तुम्हीच निघा.

त्याच दिवशी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेतली मुलंही वर्गातून सुखरूप मैदानात आली होती. तिथं सुमारे पन्नास मिनिटं गेली. शाळेमागेच टेकडी होती. त्सुनामीत ७४ मुलं आणि १० शिक्षक दगावले किंवा बेपत्ता झाले. पुढे न्यायालयानं शाळा आणि प्रशासनाच्या पूर्वतयारीतल्या त्रुटींवर बोट ठेवलं.

आपल्याकडच्या शाळांतल्या भूकंपाच्या ड्रिलमध्ये घंटा होते, मुलं बाकाखाली शिरतात, मग रांगेनं मैदानात येतात. यातला पहिला धडा पक्का हवाच: खाली वाका, डोकं झाका आणि टेबलाचा पाय घट्ट धरा, कारण हादऱ्यानं टेबल सरकतं. टेबल नसेल तर हातांनी डोकं झाकून आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात बसा; खिडकी आणि कपाटापासून लांब.

पण भूकंप वर्ग भरण्याची वाट पाहत नाही. २६ जानेवारी २००१ ला कच्छमधल्या अंजारची मुलं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत होती. अरुंद गल्लीत दोन्हीकडची घरं त्यांच्यावर कोसळली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला, तेव्हा मुलं घरात झोपेत होती.

म्हणून पुढचं ड्रिल मधल्या सुट्टीत, न सांगता घ्यावं. एक जिना मुद्दाम बंद ठेवावा. कुणी जिन्यात, कुणी शौचालयात, कुणी डबा खात असेल. कोण कुठे थांबलं, कुणी धाकट्यांना सोबत घेतलं, हे शिक्षकांनी टिपून ठेवावं आणि त्याच दिवशी मुलांशी बोलावं.