ग्रामीण पोलीस ठाण्याचे वारसामूल्य : चौरी चौरा येथील जुन्या ठाण्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

वारसा म्हटला की किल्ले, लेणी, मंदिरे, राजवाडे यांचे स्मरण होते. ज्या वास्तूंशी सामान्य माणसाचा संबंध प्रामुख्याने भीतीचा होता, त्या वास्तूंचा विचार या संदर्भात क्वचितच केला जातो. ग्रामीण भागातील जुने पोलीस ठाणे ही अशीच एक वास्तू होय. अशा ठाण्याला वारसामूल्य असते काय, असल्यास ते कोणत्या स्वरूपाचे असते आणि मूळ इमारत नष्ट झाल्यावरही ते टिकते काय, या प्रश्नांचा विचार उत्तर प्रदेशातील गोरखपूर जिल्ह्यातील चौरी चौरा येथील ठाण्याच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

वारसामूल्याची संकल्पना :

एखादी वास्तू जुनी आहे म्हणून ती वारसा ठरत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्याने स्मारकासाठी किमान १०० वर्षांची अट घातली आहे; तथापि वयाबरोबरच त्या वास्तूचे ऐतिहासिक, पुरातत्त्वीय वा कलात्मक महत्त्वही तेथे अपेक्षित आहे. ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी १९७९ मध्ये स्वीकारलेल्या व पुढे वेळोवेळी सुधारलेल्या बुरा सनदेने ही कल्पना अधिक व्यापक केली. तिच्यानुसार स्थळाचे सांस्कृतिक महत्त्व हे सौंदर्यात्मक, ऐतिहासिक, शास्त्रीय, सामाजिक व आध्यात्मिक अशा मूल्यांतून सिद्ध होते. सनदेत ‘इमारत’ या शब्दापेक्षा ‘स्थळ’ या शब्दाला प्राधान्य आहे, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ग्रामीण ठाणे : सत्तेचे अखेरचे टोक

ठाणे ही संस्था ब्रिटिशपूर्व काळापासून परिचित असली तरी तिला आजचे रूप वसाहतकाळात आले. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या १७९३ च्या नियमावलीने बंगालमध्ये जमीनदारांकडील पोलिसी अधिकार काढून दरोग्यांची ठाणी स्थापन केली. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा आला आणि जिल्हा अधीक्षकापासून ठाण्यापर्यंत एक सलग उतरंड उभी राहिली. तिच्या तळाशी दरोगा, म्हणजे मराठी मुलखातील फौजदार, मोजके शिपाई आणि गावोगावचे चौकीदार असत.

खेड्यातील शेतकऱ्याने गव्हर्नर वा व्हाइसरॉय कधी पाहिला नव्हता. त्याच्यापुरते ‘सरकार’ म्हणजे ठाणेच होते. म्हणूनच राजवटीविषयीचा रोष जेव्हा प्रकट झाला, तेव्हा तो वारंवार ठाण्याच्याच दारात प्रकट झाला. साध्या, अलंकरणहीन बांधणीच्या या इमारतींना सौंदर्यमूल्य बेताचेच असते. परंतु राज्यसंस्था आणि ग्रामीण समाज यांची समोरासमोर गाठ पडण्याचे ठिकाण म्हणून त्यांचे ऐतिहासिक मूल्य मोठे आहे.

चौरी चौरा : घटनाक्रम

चौरी आणि चौरा ही दोन वेगळी खेडी होत. रेल्वे स्थानकाला दिलेल्या जोडनावामुळे ती एकत्र ओळखली जाऊ लागली. फेब्रुवारी १९२२ च्या आरंभी असहकार चळवळीतील स्वयंसेवक जवळच्या मुंडेरा बाजारात निदर्शने करीत होते. दरोगा गुप्तेश्वर सिंह याने भगवान अहीर या निवृत्त सैनिकाला व अन्य स्वयंसेवकांना मारहाण केली. त्याचा जाब विचारण्यासाठी ४ फेब्रुवारी १९२२ रोजी स्वयंसेवकांचा मोठा जमाव ठाण्यावरून निघाला. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जमावातील काही जण ठार झाले. त्यानंतर संतप्त जमावाने ठाण्याला आग लावली. दरोगा, शिपाई व चौकीदार मिळून २२ जण त्यात मृत्युमुखी पडले. काही नोंदींत ही संख्या २३ अशी आढळते.

या घटनेचे पडसाद देशभर उमटले. १२ फेब्रुवारी १९२२ रोजी बार्डोली येथे असहकार चळवळ स्थगित करण्यात आली आणि महात्मा गांधींनी प्रायश्चित्त म्हणून पाच दिवसांचे उपोषण केले. जानेवारी १९२३ मध्ये सत्र न्यायालयाने १७२ आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. अपिलात पंडित मदनमोहन मालवीय यांनी आरोपींची बाजू मांडली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २० एप्रिल १९२३ रोजी १९ जणांची फाशी कायम केली आणि ११० जणांना जन्मठेप दिली. जुलै १९२३ मध्ये त्या १९ जणांना फाशी देण्यात आले.

एक स्थळ, दोन स्मृती :

या ठाण्याचे वारसामूल्य तपासताना पहिली अडचण अशी की, मूळ वास्तू आगीत नष्ट झाली. परंतु येथे नाश हाच स्थळाच्या इतिहासाचा गाभा आहे. इमारत उभी राहिली असती, तर ती असंख्य ठाण्यांपैकी एक ठरली असती.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ब्रिटिश सरकारने मृत पोलिसांचे स्मारक ठाण्याच्या आवारात उभारले. फाशी गेलेल्यांचे स्मारक मात्र स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ झाले नाही. राष्ट्रीय चळवळीच्या नेतृत्वाने या कृत्याचा निषेध केला असल्याने हे शेतकरी ना गुन्हेगार म्हणून विसरता येत होते, ना हुतात्मे म्हणून मिरवता येत होते. अखेर स्थानिक लोकांनी १९७१ मध्ये स्मारक समिती स्थापन केली आणि १९७३ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे १२ मीटर उंचीचा मनोरा उभारला. पुढे शासकीय स्मारकाची पायाभरणी १९८२ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते, तर उद्घाटन १९९३ मध्ये पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या हस्ते झाले. २०२१ मध्ये शताब्दी वर्षाचा प्रारंभ झाला, तेव्हा टपाल तिकीटही काढण्यात आले.

पोलीस स्मारकावर स्वातंत्र्यानंतर ‘जय हिंद’ हे शब्द कोरले गेले. राजवटीच्या सेवेत मेलेल्यांच्या स्तंभावर त्या राजवटीविरुद्धची घोषणा यावी, ही वरवर विसंगती वाटते. परंतु मृत शिपाई व चौकीदार हेही याच देशाचे आणि बहुधा सामान्य घरांतले होते, हे लक्षात घेतल्यास या दोन शब्दांतून दोन्ही स्मृतींना सामावून घेण्याचा अवघड प्रयत्न दिसतो. या स्थळाचे सामाजिक मूल्य नेमके येथे आहे. एक स्मारक ठेवून दुसरे पुसले, तर स्थळ सोपे होईल. पण खरे राहणार नाही.

दप्तर आणि मौखिक परंपरा :

ठाणे हे कागदपत्रांचेही ठिकाण असते. फिर्याद, जबाब, पंचनामा यांतून खेड्याचे असे तपशील उरतात की जे अन्य साधनांत सापडत नाहीत. मात्र हे तपशील आरोप सिद्ध करण्यासाठी लिहिलेले असतात. चौरी चौरा खटल्यात शिकारी या माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर बरीच मदार होती. इतिहासकार शाहिद अमीन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात न्यायालयीन कागदपत्रांच्या जोडीला त्या परिसरातील कुटुंबांच्या आठवणी तपासल्या. न्यायालयाला जो केवळ दंगा वाटला, त्यात सहभागींची स्वराज्याविषयीची स्वतःची कल्पना होती, हे त्यामुळे समोर आले. दप्तराशिवाय वास्तू मुकी असते आणि लोकस्मृतीशिवाय दप्तर एकांगी राहते.

निष्कर्ष :

ग्रामीण पोलीस ठाण्याचे वारसामूल्य त्याच्या भिंतींपेक्षा तेथे घडलेल्या संबंधांत असते. म्हणून जतनाच्या विचारात स्थळ, दप्तर व मौखिक परंपरा या तिन्हींना स्थान मिळणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातही हा विषय दूरचा नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे लोकांचा मोर्चा पोलीस ठाण्यावरच गेला होता. तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांनी आपल्या परिसरातील जुन्या ठाण्यांची छायाचित्रे, आराखडे व वृद्धांच्या आठवणी यांची पद्धतशीर नोंद केल्यास मोलाचे साधन उपलब्ध होईल. जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा निर्णय प्रशासकीय असतो आणि तो पुष्कळदा गैरसोयीपोटी योग्यही असतो. परंतु पाडण्यापूर्वी नोंद करणे हे अभ्यासकांचे काम आहे. इमारत पुन्हा बांधता येते. आठवण सांगणारा माणूस गेल्यावर ती आठवण मात्र पुन्हा मिळवता येत नाही.