भिंतीपलीकडची मुंबई

गावाकडून पाहुणे आले की मुंबईकर त्यांना समुद्र दाखवायला चौपाटीवर नेतो, नाहीतर वरळी-वांद्र्याला. म्हणजे पश्चिमेला. तिथे सूर्यास्त आहे, भेळ आहे, वारा आहे. पण ज्या समुद्राने या शहराला पोटाला लावलं, तो पूर्वेकडचा. पश्चिमेचा दर्या उघडा, पावसाळ्यात खवळणारा. पूर्वेला मात्र शहर आणि समोरचा कोकणकिनारा यांच्या मधलं आडोशाचं पाणी. गलबतं नांगर टाकणार ती इथेच. कुलाब्यापासून शिवडीपर्यंतचा हा किनारा पोर्ट ट्रस्टच्या भिंतीआड गेला आणि बघता बघता विस्मरणातही. पी. डिमेलो मार्गावरून रोज हजारो माणसं जातात. भिंतीपलीकडे पाणी आहे, हे त्यातल्या कितीजणांच्या ध्यानात असेल?

या पट्ट्याच्या मधोमध माझगाव. मूळच्या सात बेटांपैकी एक. पोर्तुगीज अमलात इथे वाड्या आणि चर्चं उभी राहिली. इथल्या आंब्याला वर्षातून दोनदा बहर येई, अशी त्याची ख्याती. आंबराया केव्हाच गेल्या, पण माथारपाखाडी ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती लाकडी जिने आणि क्रूस सांभाळून अजून तग धरून आहे. लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा याच पाखाडीतले. १९१६ साली स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगचे ते पहिले अध्यक्ष, आणि १९२५ साली मुंबईचे महापौर. नवाब टँक परिसरात एका साध्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर चिनी देऊळ आहे. कँटनकडच्या दर्यावर्दींनी ते १९१९ साली उभारलं. बंदराच्या गावाला परकं असं कुणी नसतं.

माझगावचं सर्वांत ठाऊक असलेलं ठिकाण मात्र भाऊचा धक्का. हे भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, पाठारे प्रभू समाजातले. त्यांच्या आधी होडीतून उतरणाऱ्याला चिखल तुडवत, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यावर बसून काठ गाठावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाऊंनी धक्का बांधला आणि लोकांनी त्याला त्यांचंच नाव दिलं. आजचा धक्का तो नव्हे. आजचा नंतर माझगावला नव्याने झाला, नाव तेवढं जुनं राहिलं.

गिरणगाव वसलं ते बऱ्याच अंशी बोटींच्या जिवावर. रत्नागिरी-मालवणचा चाकरमानी वळकटी आणि ट्रंक घेऊन आगबोटीने मुंबईत उतरायचा, गणपती-शिमग्याला त्याच वाटेने परतायचा. या वाटेवरची एक जखम कोकण विसरलेलं नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ बोट धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि भर आषाढात काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. महिन्याभराने देश स्वतंत्र झाला, आणि त्या धामधुमीत शहराने हे दुःख लवकरच मागे टाकलं. अलिबाग-रेवसकडच्या घरांना ते जमलं नाही.

धक्क्याच्या दक्षिणेला गोद्या. पोर्ट ट्रस्ट १८७३ साली स्थापन झाला. १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. तिसऱ्या गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. साहेबाची ती देखणी दगडी कचेऱ्यांची वसाहत प्रत्यक्षात गोदीच्या मातीवर बसली आहे, हे तिथल्या फुटपाथवरून चालताना कुणाला खरं वाटणार नाही.

१४ एप्रिल १९४४ चा दिवस या भागाने पाहिला तसा दुसरा नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज लागलं होतं. त्यात सुमारे १४०० टन स्फोटकं, सुकी मासळी, सोन्याच्या विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी रचणं हे युद्धाच्या घाईतच घडू शकतं. दुपारी धूर दिसला, बंब आले, आणि चारच्या सुमाराला जहाज फुटलं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. ‘जलपद्म’ नावाचं अख्खं जहाज उडून गुदामाच्या छपरावर टेकलं. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या.

उत्तरेला रे रोडकडे दारूखाना. ही दारू बंदुकीची. पण आता व्यवहार सगळा लोखंडाचा. जुनं जहाज भरतीला जमेल तितकं काठाशी आणायचं, ओहोटीला ते चिखलात बसलं की गॅस कटर घेऊन माणसं चढतात. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ साली इथेच तोडली गेली, आणि तिच्या पोलादाचा अंश पुढे एका मोटारसायकलीत गेला. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना मनगटाएवढ्या कड्यांचे साखळदंड, तेलकट पंप, पितळी व्हॉल्व्ह, गोल खिडक्या. आणि मैलभर दक्षिणेला, माझगाव डॉकमध्ये, नव्या नौका जन्माला येतात. १९७२ साली नौदलात गेलेली ‘निलगिरी’ तिथलीच, ‘कलवरी’ पाणबुडीही तिथलीच.

धक्क्यावर उजाडायच्या आत गेलं तर वेगळंच राज्य असतं. ट्रॉलर लागलेले, खलाशी पाट्या वर देताहेत, बर्फाच्या लाद्या यंत्रात कडाकड फुटताहेत. लिलाव उभ्याउभ्या चालतो. कोळीण पापलेटाचे कल्ले उघडून लाली बघते, भाव ऐकते, नाक मुरडते, दोन पावलं जाते आणि त्याच भावाला परत येते. हमाल ‘बाजू, बाजू’ करत पाणी गळती पाटी डोक्यावर घेऊन धावतो. ऊन चढेपर्यंत माल शहरभर पांगलेला असतो. पावसाळी बंदी लागली की हा सारा गलबला नारळी पौर्णिमेच्या सुमारापर्यंत थंडावतो.

१९८९ साली समोर न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे वळले. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या भरून टाकण्यात आल्या. २०२० पासून धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट जाता येतं, आणि जानेवारी २०२४ पासून शिवडीहून अटल सेतूने थेट पलीकडे. आता सगळ्यांचा डोळा आहे तो पोर्टच्या सुमारे १८०० एकर जमिनीवर. क्रूझ, मरीना, बागा असे आराखडे अधूनमधून झळकतात. बागा हव्यातच, पूर्वेचा समुद्र लोकांना मोकळा व्हायलाच हवा. मात्र गिरण्यांच्या जमिनींचं जे झालं ते इथे होऊ द्यायचं नसेल, तर कोळी, दारूखान्यातला कामगार आणि बंदराच्या जागेतले जुने भाडेकरू यांना आराखड्यात आधी जागा द्यावी लागेल, चित्रं मागाहून रंगवता येतील.

तोवर हा भाग पाहायचा तर हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरावं. स्टेशनाला लागूनच भंडारवाड्याची टेकडी आहे, वर काका बॅप्टिस्टांच्या नावाचं उद्यान. तिथून क्रेन आणि पाणी एका नजरेत येतं. मग खाली धक्क्यावर जावं, शक्यतो पहाटे, आणि जुन्या चपला घालून. माझगाव डॉक हा संरक्षण खात्याचा कारखाना आहे; त्याच्या आसपास कॅमेरा खिशातच बरा.