परसातील ढाबळ

अबुल फजलाच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या क्षारयुक्त सरोवराचा जसा उल्लेख आहे, तसेच अकबराच्या पदरी असलेल्या 20,000 हून अधिक कबुतरांचे आणि ज्या छंदाला त्या बादशहाने ‘इश्कबाजी’ असे नाव दिले, त्याचेही सविस्तर वर्णन आहे. त्याच छंदाची लहानशी ढाबळ बुलढाण्याच्या परसातही उभारता येते. मात्र ती जमिनीपासून उंच, मांजर-मुंगसापासून सुरक्षित, आणि उन्हाळ्यातील दुपारच्या झळा लागणार नाहीत अशी असावी.

मादी बहुधा 2 अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे 18 दिवस ती उबवतात. त्यानंतरचा प्रकार मला निसर्गातील अत्यंत हृदयस्पर्शी चमत्कारांपैकी एक वाटतो: दोघांच्याही गळ्यातील अन्नपुटीत दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार होतो आणि डोळे न उघडलेली पिल्ले आईबापांच्या चोचीत चोच घालून त्यावरच पहिले दिवस जगतात. पुढे ज्वारी, बाजरी, मका, हरभरा यांचे मिश्रण आणि शिंपल्यांचा चुरा द्यावा. कबुतर मान वर न करता पाणी ओढून पिते, म्हणून भांडे चोच बुडेल इतके खोल हवे.

विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्याने साफसफाई नाकातोंडाला फडके बांधूनच करावी. नवे पक्षी काही आठवडे कोंडून ठेवल्याखेरीज सोडू नयेत. कारण जुन्या घराची ओढ त्यांच्या ठायी विलक्षण तीव्र असते.