गेमिंगचा कॉम्प्युटर घेताय? नुसतं 'आय-७' ऐकून पैसे देऊ नका

भंडारा : धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की घरात खरेदीची चर्चा सुरू होते. शिकणारं पोरगं असेल तर गेम चालेल असा कॉम्प्युटर पाहिजे, असा हट्ट होतो. दुकानात 'आय-७ आहे, सगळं चालते' असं सांगितलं जातं आणि त्या एका शब्दावर हजारो रुपये मोजले जातात. त्याआधी थोडी माहिती असलेली बरी.

प्रोसेसर करतो काय?

रोवणीचं उदाहरण घ्या. कोणती बांधी आधी, पऱ्हे कुठं टाकायचे, हे मुकादम ठरवतो. रोवणी मात्र बायांची टोळी करते. गेममध्ये गाडी कुठं वळली, गोळी कोणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो. पडद्यावरचं चित्र ग्राफिक्स कार्ड तयार करतं. मुकादम हुशार, पण बाया दोनच असल्या तर बांधी पडून राहते. बाया पन्नास आणि मुकादम सुस्त असला तरी तेच. म्हणून सगळा पैसा प्रोसेसरवर घालू नका. बहुतेक मोठ्या गेमसाठी ग्राफिक्स कार्डावर जास्त खर्च करावा लागतो.

पुढचा आकडा वाचा

बियाण्याची पिशवी घेताना आपण जात आणि तारीख पाहतो. इथंही तसंच आहे. 'आय-७ २६००' हा इंटेलचा प्रोसेसर २०११ चा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा. 'आय-३ १२१००' हा २०२२ चा, बाराव्या पिढीचा. दोघांतही ४ कोअर आहेत, पण नवा आय-३ त्या जुन्या आय-७ च्या बराच पुढं आहे. ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर 'आय-७' म्हणून विकायला येतात, तिथं ही गोष्ट लक्षात ठेवा. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

शेवटचं अक्षरही पाहा

नंबरच्या शेवटी 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही. एएमडीच्या 'रायझेन ५ ५६००जी' मध्ये 'जी' आहे, म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. बजेट कमी असेल तर असा प्रोसेसर घेऊन हलके गेम खेळता येतात आणि कार्ड पुढच्या हंगामात लावता येते. मात्र १६ जीबी रॅम घ्यायची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन पट्ट्यांनी त्याचा वेग वाढतो. लॅपटॉपमध्ये नंबरच्या शेवटी 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा आणि 'एच' म्हणजे जास्त ताकदीचा.

ऊन आणि वीज

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. प्रोसेसर फार तापला की आपोआप वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. कॉम्प्युटर भिंतीला चिकटवून ठेवू नका, पंख्यातली धूळ काढत राहा. वीज अचानक जाते, व्होल्टेज खालीवर होते, त्यामुळे यूपीएस आणि चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय यावर काटकसर करू नका.

पैसे देण्याआधी

पोरगं जो गेम खेळणार, तो दुकानातच अर्धा तास चालवून पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि तिथं अबाउट उघडलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. तेच नाव, नंबर आणि शेवटच्या अक्षरासह, पक्क्या बिलावर लिहून घ्या. पुढं वाद झाला तर ते बिलच कामात येईल.